उघडणाऱ्याचा पहिला घोट

आई,

तुमच्या अंबाड्यात सहा आकडे होते. शेवटची आंघोळ घालण्याआधी केस सोडवायचे होते, तेव्हा एकेक काढून मी बशीत ठेवले आणि मोजले. ती काही मोजण्याची वेळ नव्हती, पण समोर वस्तू आली की मी मोजते, हे तुम्हाला ठाऊक आहे. चार आकडे केसांचे होते. दोन कामाचे. एकाचं टोक ठोकून चपटं केलेलं, दुसऱ्याचं नखाएवढं वाकवलेलं. शेजारच्या श्रीवास्तव भाभी बशी हातात घेऊन म्हणाल्या, "ये दो तो खराब हैं, फेंक दूँ?"

मी म्हटलं, "नहीं भाभी, यही दो ठीक वाले हैं."

त्यांना वाटलं, माझं डोकं ठिकाणावर नाही. त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुम्ही असतात तर हसला असतात. मलाही हसू आलं होतं. मी मान वर करून पाहिलं, तर ते हसू ज्यांना सांगायचं त्या तुम्हीच खाली निजलेल्या.

तेरावं झालं, ऋचा पुण्याला परत गेली. जाताना म्हणाली, "आई, तू एकटी या घरात काय करणार?" मी म्हटलं, ऑफिसला जाईन, परत येईन. तेच करते आहे. सकाळी निघताना चॅनल गेटला बाहेरून कुलूप लावते, संध्याकाळी येऊन काढते. गेली काही वर्षं आपलं कुलूप आतून असायचं. आता ते बाहेरून असतं. आणि घर अगदी जसं ठेवून गेले तसंच सापडतं. चष्मा जिथे ठेवला तिथे, वर्तमानपत्राची घडी तशीच. तुम्ही असताना या घरात एकही वस्तू जागेवर सापडत नसे आणि मी त्यावरून रोज बोलत असे. आता सगळं जागेवर आहे.

म्हणून लिहायला बसले. तुमच्याशी एक हिशेब राहिला आहे, आणि तो मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपली ओळखच कुलपावरून झाली. लग्नानंतर मी पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले त्याच सकाळी लक्षात आलं की माझ्या ट्रंकेची किल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिवाजीनगरला माहेरीच राहिली. सगळ्या साड्या ट्रंकेत. माझा भाऊ स्कूटरला किक मारायच्या बेतात होता. तुम्ही ओसरीतून ओरडलात, "पिपलानी ते शिवाजीनगर आणि परत? एवढ्याशा किल्लीसाठी? उतर खाली, पोहे खा." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "जरा वाक गं."

नव्या नवरीला सासू वाक म्हणते ते कशासाठी, एवढं मला शिकवून पाठवलं होतं. मी पदर सावरून पाया पडायला वाकले. तुम्ही माझ्या अंबाड्यातला एक आकडा उपसलात आणि ट्रंकेपाशी जाऊन बसलात. माझा गजरा कानावर लोंबत राहिला. तुम्ही आधी कुलूप तळहातावर घेतलंत, भाजीवाल्याकडचं आलं घ्यावं तसं. मग कानाशी नेऊन हलवलंत. मग आकडा घातलात, आणि माझी मावशी "अगंबाई" म्हणेपर्यंत ट्रंक उघडली होती. मावशीने घरी जाऊन माझ्या आईला सांगितलं, "माणसं चांगली आहेत. सासू कुलपं उघडते, पण चांगली आहेत."

मग तुम्ही म्हणालात, "आता चहा तू कर."

मी केला. ट्रे घेऊन आधी बाबांपुढे गेले. तुम्ही मला मध्येच थांबवलंत. "कुलूप कोणाचं?"

"माझं."

"म्हणून चहा तुझा. उघडलं कोणी?"

"तुम्ही."

"म्हणून पहिला घोट माझा. मग बाकीच्यांचा." तुम्ही खरंच एक घोट घेतलात आणि मगच बाबांना मान डोलावून परवानगी दिलीत. बाबा म्हणाले, "सूनबाई, सवय करून घ्या. या घरात मान कुलूप बघून मिळतो."

गल्लीत सगळ्यांना हा नियम माहीत होता. केरळची माणसं होती, बंगाली होती, पंजाबी होती. कारखान्याने सगळ्या देशातून गोळा केलेली. कोणाची किल्ली आत राहून दार लागलं की आपल्या फाटकाशी हाक यायची, "आंटीजी, ताला!" तुम्ही हातातलं काम टाकून जायचात. पण आधी विचारायचात, "दरवाज़ा खुलते ही सामने क्या दिखता है?" मालकाने सांगायचं. मग काम. मग त्याच घरात, त्याच माणसाच्या हातचा चहा, पहिला घोट तुमचा. मला हे सगळं नाटक वाटायचं. मी एकदा विचारलं, चहाचं हे काय काढलंत? तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "चोरही कुलूप उघडतोच की. पण तो चहाला थांबत नाही."

समोरच्या माथुरांच्या साडूंची गोष्ट तर मी ऑफिसात कितीदा सांगितली असेल. घरची मंडळी बाहेर, आणि हा गृहस्थ बॅग घेऊन उभा. "आंटीजी, मैं इनका साढ़ू हूँ, ग्वालियर से आया हूँ. ज़रा ताला खोल दीजिए."

तुमचे हात कणकेत. "खोलते ही सामने क्या दिखता है?"

"सामने? सामने... सामान है."

"सामान तो सबके यहाँ होता है, भैया. आप यहाँ बैठिए."

त्यांना आपल्या ओसरीत बसवून तुम्ही गरम पोळ्या वाढल्यात, पण कुलपाला हात लावला नाहीत. संध्याकाळी माथुर आले तर साडू खरेच निघाले. माथुर तणतणत आले, "आंटीजी, मेरा सगा साढ़ू!" तुम्ही म्हणालात, "सगा है तो घर के अंदर क्या है उसे मालूम नहीं? इतने साल बुलाया नहीं क्या?"  साडू मात्र जाताना तुमच्या पाया पडून गेले. म्हणाले, साढ़ू के घर से खाना यहीं अच्छा मिला.

हे तुम्ही शिकलात कुठे, ते बाबा गेल्यावर सांगितलंत. बाबा ड्यूटीवर जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या पॅंटच्या खिशात घालून न्यायचे. एकदा दारात पाहुणे, डाळ-तांदूळ कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली कारखान्याच्या गेटाआड. पाळी संपल्याशिवाय गेट कोणाला सोडत नाही. तुम्ही मोडक्या छत्रीची काडी तोडलीत आणि बसलात. पाहुणे जेवून गेले. कपाट तुम्ही त्याच काडीने परत लावलंत, म्हणून बाबांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, मग मी या किल्ल्या कशाला वागवतोय? तुम्ही म्हणालात, वागवा, खिशाला वजन असलेलं बरं.

माझं आणि तुमचं भांडण मात्र कधी मिटलं नाही. मी नापतोल खात्यातली. दुकानदारांची वजनं तपासायची, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटं असेल ते जप्त करायचं. मी म्हणायची, जे कुलूप छत्रीच्या काडीने उघडतं ते नापास. वजनाला परीक्षा आहे, तशी कुलपालाही हवी.

"तुझं वजन खोटं निघालं तर गिऱ्हाईक नागवलं जातं," तुम्ही म्हणायचात. "माझ्या हातून कुलूप उघडलं तर कोणाचं काय जातं?"

"ज्याचं घर त्याचं जातं."

"उलट. त्याला त्याचं घर परत मिळतं."

मी किल्ल्यांना पट्ट्या लावायची, जोडीची दुसरी किल्ली वेगळ्या डब्यात ठेवायची, डबा कुठे आहे ते दोघींना माहीत असावं म्हणून तुम्हाला दाखवायची. तुम्ही बघायचात आणि म्हणायचात, "किल्ल्या सांभाळण्यात तुझा जन्म जाणार गं, शुभा." ऋचाचे बाबा होते तोवर ते आपल्या मध्ये बसून दोन्ही बाजूंना हो म्हणायचे. ते गेल्यावर मध्ये कोणी उरलं नाही. मग आपण थेट भांडायला लागलो. आता कळतं की ते बरंच होतं. घरात दोन आवाज होते.

आणखी एक गोष्ट तुम्ही सुरुवातीलाच बजावली होती. नवी असताना मी तुमच्याशी रमी खेळताना तुम्हाला हवी ती दुर्री टाकली. सासू जिंकली की खूश होईल, असा माझा सरळ हिशेब. तुम्ही दुर्री उचलली नाहीत. हातातले पत्ते उलटे ठेवलेत. "ही तू मुद्दाम टाकलीस."

"नाही हो, आई."

"शुभा, हरवायचं तर हरव. मला जिंकवू नकोस. मी काय लहान आहे?" आणि सगळा डाव पिसून परत वाटलात. त्यानंतर मी तुम्हाला कधी सोडलं नाही. तुम्ही हरलात की दुसऱ्या दिवशीपर्यंत धुसफुसायचात, पण ते तुम्हाला चालायचं.

हे मी का लिहिते आहे ते तुम्हाला कळलं असेल.

तुमचं विसरणं आधी मिठाचं होतं, मग नावांचं. तोवर ठीक होतं. मग तुम्ही एका दुपारी चालत चालत पिपलानीच्या जुन्या क्वार्टरला गेलात. ते सोडून आपल्याला किती काळ झाला, ते तुमच्या लेखी नव्हतंच. दाराला कुलूप होतं. तुम्ही अंबाड्यातला आकडा काढलात. तिथे राहणारी मुलगी, नवऱ्याची नुकतीच बदली होऊन आलेली, बाजारातून परतली तर दार उघडं, आणि स्वयंपाकघरात एक म्हातारी बाई पाटावर बसलेली. मला तिचा फोन आला, कारण तुमच्या पिशवीत मी नंबर शिवून ठेवला होता. मी धावत गेले. म्हटलं, घाबरली असेल, पोलिसांना बोलावलं असेल. ती म्हणाली, "आंटी ने बोला, ताला खुल गया, अब चाय बनाओ. तो मैंने बना दी." आणि खरंच, तुमच्या हातात कप होता. पहिला घोट घेऊन झाला होता. तुम्ही मला बघून म्हणालात, "आलीस? ही मुलगी चांगली आहे. पण यांची सायकल समोर दिसत नाही गं. कुठे गेली?"

बाबांची सायकल त्या दारासमोर असायची. दार उघडताच पहिली तीच दिसायची.

त्यानंतर कुलूप आलं. डॉक्टर म्हणाले, ऋचा म्हणाली, मीही म्हटलं. चॅनल गेटला आतून पितळी कुलूप लावलं, ते तुम्ही उघडलंत. दुसरं आणलं, तेही उघडलंत; रेखा, दिवसभर तुमच्यापाशी थांबणारी, भाजी चिरत होती आणि तुम्ही फाटकापर्यंत पोचला होतात. शेवटी मी आकडे फिरवायचं कुलूप आणलं. त्याला किल्लीचं भोकच नाही. तुम्ही ते तळहातावर घेतलंत, उलटंसुलटं केलंत.

"याला तोंड कुठंय?"

"त्याला तोंड नसतं, आई. आकडे जुळवायचे."

"मग हे कुलूप नाही. हे तुझं गणित आहे." तुम्ही ते सोडलंत आणि जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजलात. जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी केसही विंचरू दिले नाहीत.

तेव्हा मी तो व्यवहार काढला. दिवसा, मी ऑफिसात असताना, गणिताचं कुलूप. मी घरी आले की ते काढायचं आणि जुनं पितळी लावायचं. "उघडा, चहा पिऊ, मग पिपलानीला फिरून येऊ." तुम्ही लगेच गेटासमोर मांडलेल्या वेताच्या मुढ्यावर बसलात. आधी तळहात, मग कान, मग आकडा. उघडलंत. चहा मी केला, कारण कुलूप माझं. पहिला घोट तुमचा. मग आपण दोघी पिपलानीच्या बाजारापर्यंत गेलो, बाकावर बसलो, तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार केलात आणि परत आलो. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. चांगलं चाललेलं मोजावंसं वाटत नाही.

मग बोटं अडायला लागली. काडी बदलून पाहिलीत, आकडा बदलून पाहिलात, क्रोशाची सुई मागितलीत. कधी उघडायचं, कधी अंधार पडला तरी नाही. एका संध्याकाळी तुम्ही आकडा मांडीवर ठेवलात आणि हात नुसते बघत बसलात. मी किल्ली पुढे केली. "असू दे ना आई, किल्ली आहे. चला, जाऊन येऊ."

"किल्लीने तू जा," तुम्ही म्हणालात. "मला कुठे जायचंय?"

दुसऱ्या दिवशी मी मुढा मांडला तर बसला नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाहेर जाणं बंद, म्हणून भूक बंद, म्हणून झोप बंद. मला तेवढी साखळी कळते. आणि अंबाड्यात कामाचे आकडे खोचायचंही तुम्ही सोडलंत. ते बघून मी ठरवलं.

ऑफिसातून येताना मी ते पितळी कुलूप घेऊन पिपलानीच्या बाजारात गेले. सलीमभाई चाबीवाले. तुम्ही त्यांना ओळखत होतात. कुलूप अगदीच गंजलेलं असलं की तुम्ही लोकांना त्यांच्याकडे धाडायचात. मी सांगितलं, आत लिव्हरच्या पट्ट्या आहेत, त्यांतल्या थोड्या काढा. सहज उघडायला हवं, पण अगदी आपोआप नको.

त्यांनी कुलूप फिरवून पाहिलं. "अम्मा के लिए?"

"हाँ."

"मतलब ताले को झूठा कर दूँ."

मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, "मैडम, अम्मा कान से पकड़ लेंगी. अंदर से ख़ाली ताला बजता है." म्हणून त्यांनी आत चामड्याचा एक बारीक तुकडा बसवला, ग्रीस भरलं. वाजेना. काढलेल्या पट्ट्या मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत घातल्या. आधी दोनच काढल्या होत्या. पुढे जशी तुमची बोटं मंदावत गेली तशा आणखी. शेवटी आत एकच राहिली.

वजनाच्या पोटात शिशाची गोळी असते, आई. तिच्यावर आमचा शिक्का असतो. लबाड दुकानदार खालून शिसं कोरून काढतो, वरून वजन दिसायला तसंच. अशी वजनं मी जन्मभर जप्त केली. त्यांना काय म्हणायचं ते मला माहीत आहे. आणि मी पिपलानीच्या बाजारातून कोरलेलं कुलूप पर्समध्ये घालून घरी येत होते. तेही तुमच्यासाठी, ज्यांनी एक दुर्री खपवून घेतली नव्हती.

त्या संध्याकाळी मी मुढा मांडला आणि तुमचा हात धरून बसवलं. तुम्ही कुलूप तळहातावर घेतलंत. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतलात असं मला वाटलं, पण तुमचं सगळंच तेव्हा जास्त वेळ घेत होतं. कानाशी नेलंत, हलवलंत. माझ्याकडे पाहिलंत. मग आकडा घातलात. कडी सुटली तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघ. आहे अजून."

"आहे की," मी म्हटलं. आणि आपण पिपलानीला गेलो.

पुढे तुम्ही एक नवीनच हट्ट धरलात. कुलूप उघडलं की म्हणायचात, "आज चहा मी करणार."

"अहो आई, कुलूप माझं, चहा माझा. नियम तुमचाच ना?"

"आज मी."

गॅस मी पेटवायची, आधण मी ठेवायची, पण पत्ती आणि साखर तुम्हीच घालायचात. साखर दोनदा पडायची. रेखा म्हणाली, "दीदी, अम्मा को अपना कायदा भी याद नहीं रहा." मलाही तसंच वाटलं. मीठ गेलं, नावं गेली, आता हेही गेलं, असं मी धरून चालले. तुम्ही कप माझ्यापुढे सरकवायचात. मी वाट पाहायची की तुम्ही पहिला घोट घ्याल. तुम्ही घ्यायचा नाहीत. "आधी तू," म्हणायचात. मी घोट घेईपर्यंत माझ्याकडे बघत बसायचात. मग स्वतःचा कप उचलायचात. हे रोज. अगदी शेवटी हॉस्पिटलमध्ये जाईपर्यंत रोज.

या रविवारी मी चॅनलचं कुलूप पुसायला काढलं. स्टोअरचंही काढलं. दोन्ही जोडीचीच, बाबांनी एकदम आणलेली. एक या हातात, एक त्या हातात, आणि मला काहीतरी खटकलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. कोरलेलं कुलूप बावीस ग्रॅम हलकं भरलं. तीनशेच्या आसपास वजनात बावीस. गिऱ्हाइकाच्या हाताला एवढं कळत नाही. कळलं असतं तर आमचं खातंच लागलं नसतं. पण मला कळल्यासारखं वाटलं होतं. ते खरं की आधीच ठाऊक होतं म्हणून वाटलं? हे तपासायचं तर डोळे मिटून तपासायला हवं, आणि कुलूप हातावर ठेवणारं दुसरं माणूस हवं. ही परीक्षा एकट्याने होत नाही. मी बराच वेळ दोन कुलपं मांडीवर घेऊन तुमच्या मुढ्यावर बसले. एवढ्या साध्या कामाला लागणारं एक माणूस घरात नाही, हे मला तेराव्यालासुद्धा इतकं कळलं नव्हतं.

शेवटी उठले आणि श्रीवास्तव भाभींकडे गेले. तुम्ही गेल्यापासून त्याच येत होत्या. मी पहिल्यांदाच त्यांच्या दारात.

"भाभी, मैं आँखें बंद करती हूँ. आप एक-एक करके हाथ पे रखिए. बताइए मत कौन सा है."

"हाय राम, इस उमर में लुका-छिपी!" पण त्यांनी ठेवलं. मी सांगितलं, हलकं. त्यांनी दुसरं ठेवलं. भारी. मग त्यांना गंमत वाटायला लागली. त्यांनी मला फसवायला तेच कुलूप लागोपाठ दिलं, पदराआड अदलाबदल केली, एकदा तर माझ्या हातावर स्वतःचा चष्म्याचा डबा ठेवला. "ये क्या है?" "चश्मा, भाभी." त्या हसून हसून खाली बसल्या. मी एकदाही चुकले नाही.

मी तर काट्यावर विश्वास ठेवणारी बाई. हाताने वजन करायची मला सवय नाही. आणि तुमचा तळहात, आई, जन्मभर कुलपांची ओळख करून घेत आला होता.

म्हणजे तुम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. दुर्री मुद्दाम टाकली आहे हे कळलं होतं, आणि या खेपेला तुम्ही पत्ते पिसले नाहीत. "बघ, आहे अजून," म्हणालात, ते कोणाला खूश करायला? मी समजत होते, मी तुम्हाला जिंकवते आहे.

भाभी म्हणाल्या, "बैठो, चाय बनाती हूँ." मी बसले. त्यांनी कप आणून पुढे ठेवला, आणि माझा हात कपाकडे जाता जाता थांबला.

नियम तुम्ही विसरला नव्हतात. कुलूप मी उघडलं होतं, तुमच्यासाठी, आतून कोरून. म्हणून चहा तुमचा आणि पहिला घोट माझा. मी त्या कुलपाला रोज मनातल्या मनात चोरी म्हणत होते, आणि तुम्ही रोज संध्याकाळी दुप्पट साखरेचा कप माझ्यापुढे सरकवून, मी तो पिईपर्यंत थांबून, मला सांगत होतात की नाही. चोर चहाला थांबत नाही.

पट्ट्या अजून कुंकवाच्या डबीत आहेत. सलीमभाई म्हणाले, परत बसवून देतो. मी नको म्हटलं. चॅनलला तेच कुलूप लावते आहे. काल संध्याकाळी घरी आल्यावर किल्ली पर्समध्येच ठेवली, बशीतला वाकडा आकडा घेतला आणि पायरीवर बसून प्रयत्न केला. मला जमत नाही. एकच पट्टी उरलेलं कुलूप, तरी जमत नाही. भाभी त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "दरवाज़ा खुलते ही सामने क्या दिखता है?" तुमचा प्रश्न या गल्लीलाही पाठ आहे, आई.

मी म्हटलं, "मूढ़ा."